मोटारसायकलस्वारांचे गाऱ्हाणे

पाऊस उघडला की रविवारी सकाळी लोणारच्या सरोवराकडे निघालेल्या मोटारसायकलींच्या रांगा बुलढाणा जिल्ह्याला आता नव्या राहिलेल्या नाहीत. अकोला, जळगाव, छत्रपती संभाजीनगर येथील हौशी स्वारांची मंडळे येतात, तशी चिखली, खामगाव, मेहकरकडील तरुणांचीही येतात. ही मंडळी चहाच्या टपरीवर विसावली की बोलणे प्रथम इंजिनाचे, मग रस्त्याचे आणि अखेरीस हटकून विक्रेत्याचे निघते. ते स्तुतीचे नसते. पावतीत न दिसणारे हजार-दोन हजार रुपये, न मागता गळ्यात मारलेली संरक्षक जाळी आणि सीटकव्हर, पहिल्या सर्व्हिसिंगनंतरच सुरू झालेली खडखड आणि 'भाग कंपनीकडून आलेला नाही' हे महिनोन्महिने ऐकावे लागणारे उत्तर, असा हा सारा पाढा असतो.

ही केवळ हौशी लोकांची कुरकुर असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु ज्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत, मधोमध अजिंठ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे आणि शेवटची एस. टी. चुकली की मुक्काम ठरलेला, तेथे मोटारसायकल ही चैन नव्हे. मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्यास येणारा शिक्षक, तालुक्याच्या कचेरीतील कारकून, दुधाच्या किटल्या बांधून निघालेला शेतकऱ्याचा मुलगा या सर्वांची भाकरी दोन चाकांवर चालते. सोयाबीन किंवा कापूस विकून आलेल्या रकमेतून पहिला हप्ता भरणाऱ्या घरात वाहन बंद पडणे म्हणजे मिळकत बंद पडणे होय. त्या घरातील माणूस मात्र कोणत्याही मंडळाचा सभासद नसतो.

एके काळी गाऱ्हाणे निराळे होते. १९७२ मध्ये बाजारात आलेल्या चेतक स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि नंबर लागलेली गाडी दुसऱ्याच दिवशी मूळ किमतीहून अधिक भावाने विकली जाई. परवान्याच्या त्या राज्यात विक्रेता हा दाता होता आणि ग्राहक याचक. १९८० च्या दशकाच्या मध्यास जपानी सहकार्याच्या मोटारसायकली आल्या, पुढे बाजार खुला झाला, टंचाई संपली. याचकाचा ग्राहक व्हावयास हवा होता. तो पुरता झालेला नाही, कारण टंचाई गेली तरी टंचाईच्या काळातील विक्रेत्याची भाषा गेली नाही.

वस्तुतः कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच पुढे गेला आहे. दुचाकी विकताना उत्पादकाने प्रमाणित शिरस्त्राण दिले पाहिजे, असे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ वा नियम सांगतो. तरीही त्याचे वेगळे पैसे मोजणारे ग्राहक कमी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीस पाच वर्षांचा त्रयस्थ विमा सक्तीचा झाला. पण सक्ती विम्याची आहे, विक्रेत्याने सांगितलेल्या विमा कंपनीची नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने नोंदणीचा अर्ज करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली. असे असताना 'हाताळणी खर्च' नावाची जी रक्कम आकारली जाते, ती नेमकी कशाच्या हाताळणीची? कारखान्यातून दुकानापर्यंत गाडी आणण्याचा खर्च ग्राहकाने मोजलेल्या किमतीत आधीच धरलेला असतो. उरते ती ग्राहकाच्या खिशाची हाताळणी.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा तर याहून स्पष्ट आहे. बिल किंवा पावती न देणे हीच मुळी अनुचित व्यापारी प्रथा ठरते. एक वस्तू हवी तर दुसरीही घ्या, ही अट प्रतिबंधक व्यापारी प्रथा होय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील देणे बंधनकारक नाही आणि ग्राहक जेथे राहतो तेथेच तक्रार दाखल करता येते. लोणारच्या माणसाने गाडी छत्रपती संभाजीनगरला घेतली असली तरी त्याला बुलढाण्याच्या आयोगाचे दार खुले आहे. मुदत दोन वर्षांची. निकाल तीन महिन्यांत लागावा, असे कायदा म्हणतो. तारखांचा प्रत्यक्ष अनुभव मात्र त्याहून पुष्कळ लांबतो, आणि सामान्य माणूस पायरी चढत नाही त्याचे हे एक खरे कारण आहे.

दुसरे कारण ग्राहकाच्या स्वभावात आहे. तो टपरीवर तावातावाने बोलतो. विक्रेत्यासमोर गेला की 'पुढच्या सर्व्हिसिंगला याच्याकडेच यायचे आहे' म्हणून गप्प बसतो. लेखी तक्रार नाही, कामाच्या कार्डाची प्रत नाही, दिलेल्या पैशांची नोंद नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, तेव्हा त्यांच्यापुढे हाच एकाकी, संकोची ग्राहक होता. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा देशाला मिळाला, त्यामागे अशा चळवळींचा रेटा होता. आजची स्वारमंडळे मात्र एकत्र येऊन सहली काढतात, रक्तदान करतात, झेंडे लावून मिरवतात. एकत्र येऊन पावती मागत नाहीत.

विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. जिल्ह्याच्या गावातील विक्रेता कंपनीने लादलेला साठा व्याजाने उचलतो आणि सणापूर्वी तो खपविण्याच्या चिंतेत असतो. मार्च २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बी. एस. तीन वाहनांच्या विक्रीवर १ एप्रिलपासून बंदी घातली, तेव्हा देशात सुमारे आठ लाख अशी वाहने शिल्लक होती, त्यांत बहुसंख्य दुचाकी. दोन दिवसांत मोठ्या सवलती देऊन ती विकण्याची वेळ दुकानदारांवर आली. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसनने भारतातील कारखाना बंद करण्याचे जाहीर केले, तेव्हा लक्षावधी रुपये गुंतविलेले तिचे विक्रेतेही असेच उघड्यावर आले. सुटा भाग आला नाही याचा दोष पुष्कळदा कंपनीचाच असतो, शिव्या मात्र काउंटरवरील पोरगा खातो. म्हणून तक्रारीत विक्रेत्याबरोबर उत्पादकालाही प्रतिपक्ष करणे न्याय्य ठरते.

कोणीच ऐकत नाही असे झाले की काय होते, हे सप्टेंबर २०२४ मध्ये कलबुर्गीस दिसले. विद्युत स्कूटरच्या दुरुस्तीसाठी खेटे घालून वैतागलेल्या एका तरुणाने दुकानालाच आग लावली. ते कृत्य गुन्हाच होय. पण पुढच्याच महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या कंपनीस नोटीस बजावली, तेव्हा राष्ट्रीय हेल्पलाइनवर वर्षभरात तिच्याविरुद्ध आलेल्या तक्रारी दहा हजारांवर होत्या, हेही लक्षात घ्यावे लागते. एका आगीपेक्षा त्या हजारो नोंदींनी यंत्रणा हलविली.

बुलढाण्याच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाने प्रत्येक विक्रेत्यास किंमत, कर, विमा आणि नोंदणी यांचा मराठी फलक दाराशी लावावयास सांगणे अवघड नाही. स्वारमंडळांनीही समान तक्रार असलेल्या ग्राहकांच्या वतीने, कायद्याच्या ३५ व्या कलमाखाली आयोगाची परवानगी घेऊन, एकत्रित अर्ज करून पाहावा. त्या अर्जाखाली सह्या करताना मंडळाच्या सभासदांनी दूधवाल्यालाही बोलवावे. त्याच्याकडे बहुधा पावती नसेल, आणि तीच त्याची पहिली तक्रार असेल.