घोडा कुणाचा?

अक्कलकुव्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. होळी जवळ आली की मान वर करायला सवड नसते. काठीच्या राजवाडी होळीचे फलक, पुढाऱ्यांचे फोटो, मागे मोरपिसांचा टोप घातलेला बुध्या. हल्ली गिऱ्हाईक वर सांगतं, "दादा, बाजूनं पिठोऱ्याचे घोडे टाका." नेटवरून एक घोडा उचलायचा, कोरलड्रॉमध्ये ट्रेस करायचा, उलटा करायचा, रंग बदलून आठ जागी पेस्ट. झाला पिठोरा! ड्रॉइंगचे सर म्हणतात, ही कला नव्हे, कारण हातानं काढलेलं नाही. मला हे कारण पटत नाही.

नर्मदेपलीकडे, छोटाउदेपूरच्या राठवा घरांत पिठोरा शोभेसाठी काढत नाहीत. आजारपण, नापिकी, काही अडलं की घरधनी नवस बोलतो. नवस फिटायच्या वेळी कुमारिका ओसरीची भिंत शेणमातीनं सारवतात, वर पांढरी माती देतात. दुधात आणि मोहाच्या दारूत कालवलेल्या रंगांनी लखारा चित्र काढतो. चौकटीला खाली दार ठेवलेलं, दाराशी वाघ. आत सूर्य-चंद्र, हत्तीवर राजा भोज, बारा डोक्यांचा माणूस, आणि घोडेच घोडे. बहुतेकांवर स्वार नाही, कारण घोडा हाच देव: हा पिठोरा, ही राणी काजल. चित्र पुरं झालं की बडव्याच्या, म्हणजे तिथल्या पुजाऱ्याच्या, अंगात येतं. तो एकेक आकृती तपासतो, राहिलेलं दाखवतो, लखारा ते भरतो. त्याशिवाय नवस फिटत नाही.

म्हणजे नवस एकाचा, दर्शन दुसऱ्याला, कुंचला तिसऱ्याच्या हातात. स्वीडनच्या चित्रकार हिल्मा आफ क्लिंटनं १९०६पासून मंदिरासाठी म्हणून चित्रमालिका रंगवली. अदृश्य शक्ती सांगतात तसं काढते, असं ती म्हणे. तिथं निदान बघणारी आणि रंगवणारी एकच होती. पिठोऱ्यात तेही नाही. आणि काही लखारा घोड्याची बाह्यरेषा चक्क फर्मा ठेवून काढतात. मग माझ्या माउसनंच काय पाप केलं?

साधनं तर केव्हाच बदलली. झाबुआकडची भिल्ल चित्रकार भूरीबाई आधी भोपाळला भारत भवनाच्या बांधकामावर मजूर होती. चित्रकार जगदीश स्वामिनाथन यांनी तिला कागद आणि रंग दिले. २०२१ साली ती पद्मश्री झाली. तिच्या कागदाला कुठला बडवा तपासत नाही, तरी ती कला नाही असं कुणी म्हणत नाही. टिकण्याचंही तसंच; टिकत नाही म्हणून ती कला नाही, असं होत नाही. आमच्या काठीला बुध्ये अंगभर पांढरे ठिपके काढून नाचतात. त्याआधी पाळणी असते: खाटेवर झोपायचं नाही, पायात चप्पल नाही. सण सरला की ते ठिपके धुऊन जातात.

माझ्या मते खोट आहे ती पेस्टमध्ये. फर्म्यातून निघालेल्या घोड्यालाही भिंतीवर नाव मिळतं, जागा मिळते, त्याचा लगाम-साज वेगळा होतो. चुकला तर विचारणारा बडवा बसलेला असतो. माझ्या फाइलमधल्या आठ घोड्यांतला पिठोरा कुठला, हे मलाच सांगता येत नाही. तिथं चित्र संपतं आणि किनार उरते. कॉम्प्युटरवरही प्रत्येक घोडा विचार करून काढला तर ती कला, असं मी छातीठोक म्हणेन. पिठोरा मात्र ती नव्हे. त्याला घरधन्याचा नवस लागतो.

आता घराच्या भिंतीसाठी व्हिनाइलवर पिठोरा मागणारेही येतात. मी देतो छापून. बिलावर 'वॉल प्रिंट' लिहितो. घोडे वेगवेगळे काढायचे तर रात्र जाते, आणि दर पडतो चौरस फुटाला. घोड्याला वेगळे पैसे द्यायला अजून तरी कुणी तयार नाही.