इंजिन होडीत की होडीबाहेर?

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये बसले की पायांखालच्या फळ्या थरथरतात. इंजिन होडीच्या पोटात असते. त्याचा शाफ्ट तळातून मागे बाहेर निघतो आणि टोकाला पंखा फिरतो. हे झाले इनबोर्ड. तारकर्ली-देवबागच्या छोट्या होड्यांना मात्र मागच्या फळीवर बाहेरून इंजिन टांगलेले दिसते. इंजिन, गिअर आणि पंखा मिळून एकच वस्तू. हे आउटबोर्ड, बहुधा पेट्रोलवर चालणारे. आठ-नऊ मीटरची होडी बांधणाऱ्याने यांतले कोणते घ्यावे?

‘जास्त हॉर्सपॉवरचे,’ असे उत्तर वर्गात हमखास मिळेल. तेव्हा मुलांना हे गणित घालून पाहा. पंखा पाणी मागे ढकलतो म्हणून होडी पुढे जाते. समजा, 400 न्यूटन रेटा हवा आहे. दर सेकंदाला 100 किलो स्थिर पाण्याला 4 मीटर प्रतिसेकंद वेग दिला तरी तो मिळतो. 200 किलो पाण्याला 2 मीटर प्रतिसेकंद वेग दिला तरीही मिळतो. आता ½mv² काढा. पहिल्या रीतीत 800 ज्यूल पाण्याबरोबर वाहून गेले, दुसरीत 400. रेटा तेवढाच! म्हणजे मोठा, सावकाश फिरणारा पंखा काटकसरी. तो बसवायला जागा असते ती इनबोर्डमध्ये. आउटबोर्डचा पंखा सहसा लहान, म्हणून त्याला भराभर फिरावे लागते.

त्यात डिझेल इंजिन हवा साधारण 16 ते 22 पट दाबते, पेट्रोलचे दहा पटींच्या आसपास. त्यामुळे डिझेल कमी लागते, पण एवढा दाब सोसायचा तर इंजिन जाडजूड आणि जड होणारच. आणखी एक, माझ्या मते फार महत्त्वाचे: पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बंद होडीच्या तळाशी साचते आणि एक ठिणगी पुरते. नेहमीच्या तापमानाला डिझेलची तेवढी वाफ होत नाही.

मग आउटबोर्ड घेतात तरी कशाला? ओहोटीला खाडीत गुडघाभर पाणी उरते, तेव्हा ते वर उचलता येते. होडी पुळणीवर ओढता येते, बिघडलेले इंजिन काढून घरी नेता येते. (चोरालाही नेता येते, हे आलेच.) हलकी, सपाट तळाची होडी पाण्यावरून घसरत न्यायची असेल तर कमी वजन हाच मोठा फायदा. मात्र उसळत्या समुद्रात होडीची मागची बाजू वर गेली की त्याचा पंखा हवेत गरगरतो.

म्हणून होडीवाल्याला दोनच गोष्टी विचाराव्यात: इंजिन दिवसाकाठी किती तास चालणार, आणि ओहोटीला होडी कुठे राहणार? दिवसभर मासेमारी आणि खोल पाण्याचा धक्का असेल तर डिझेल इनबोर्ड. तास-दोन तासांच्या फेऱ्या आणि उथळ खाडी असेल तर आउटबोर्ड.

इनबोर्ड घेतलेच तर शाफ्ट बाहेर पडतो त्या भोकाशी रोज पाहावे. तिथे गुंडाळलेल्या दोरीच्या वेटोळ्यांतून, इंजिन चालू असताना, थेंब थेंब पाणी आत यायलाच हवे. त्यानेच शाफ्ट थंड राहतो. धार लागली तर मात्र नट आवळायची वेळ झाली.