अर्जदार क्रमांक तीन

न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसाठी झटणाऱ्या एखाद्या नागरी संस्थेचा परिचय वाचकांस करून द्यावा, अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हा दिल्लीच्या ‘कॉमन कॉज’ या संस्थेचे नाव प्रथम मनात आले; आणि न्यायासाठी भांडणाऱ्या संस्थेचे खरे चरित्र तिने केलेल्या अर्जांत व त्या अर्जांवर झालेल्या हुकुमांत लिहिलेले असते, या समजुतीने तिच्या वार्षिक वृत्तांतांपेक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांकडे मी अधिक ओढला गेलो. त्या निकालपत्रांत सत्तापालटाची गर्जना नाही, मोर्चांचा जयघोष नाही. निवृत्तिवेतन, रक्तपेढी, निवडणुकीचा खर्च, पोलिसांच्या बदल्या, कच्च्या कैद्यांचा जामीन असे दैनंदिन राज्यकारभाराचे विषय तेथे एकामागून एक येतात, आणि प्रत्येक ठिकाणी अर्जदार म्हणून हीच संस्था उभी असलेली दिसते.

संस्थेचा औपचारिक इतिहास थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. १९११ साली लाहोरात जन्मलेले हरिदेव शौरी हे सरकारी सेवेत हयात घालविलेले गृहस्थ होते. भारतीय विदेश व्यापार संस्थेची धुराही त्यांनी वाहिली होती. निवृत्तीनंतर, ज्या वयात माणसे जपमाळेकडे किंवा नातवंडांकडे वळतात त्या वयात, त्यांनी १९८० मध्ये ही संस्था स्थापन केली. सरकारी दप्तर कसे चालते, टिपण कोठे अडते, हुकूम कोणत्या टेबलावर थिजतो, हे ज्याने आतून पाहिले आहे असा मनुष्य नागरिकांच्या बाजूस येऊन उभा राहिला, हे या संस्थेचे पहिले सामर्थ्य. शौरी वकील नव्हते; तरीही संस्थेच्या वतीने ते सर्वोच्च न्यायालयात अनेकदा स्वतः उभे राहून बाजू मांडीत. २००५ मध्ये ते निवर्तले. संस्था मात्र चालू राहिली, आणि दिल्लीच्या वसंत कुंज भागातील कार्यालयातून आजही तिचे काम चालते.

या संस्थेचे वैशिष्ट्य तिच्या अगदी आरंभीच्या खटल्यातच प्रकट झाले. १९७९ मध्ये केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र अधिक उदार केले, परंतु त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी अथवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरताच ठेवला. म्हणजे एक दिवस आधी सेवामुक्त झालेल्या आणि गरजेने कदाचित अधिक ग्रासलेल्या वृद्धास तो नाकारला गेला. या भेदभावाविरुद्ध दाद मागणारे पहिले दोन अर्जदार स्वतः निवृत्त सेवक होते, आणि अर्जदार क्रमांक तीन होती ‘कॉमन कॉज’. सरकारपक्षाने तिच्या अर्ज करण्याच्या अधिकारासच हरकत घेतली: ज्या संस्थेस निवृत्तिवेतन मिळत नाही, जिचे स्वतःचे काही बुडालेले नाही, तिला फिर्याद करण्याचे कारण काय? न्यायालयाने ती हरकत मानली नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ‘नाकरा’ खटल्यात निर्णय दिला, की निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीचे दान नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, आणि केवळ एका तारखेच्या आधाराने वृद्धांचे दोन वर्ग पाडता येत नाहीत. देशभरचे निवृत्त कर्मचारी १७ डिसेंबर हा दिवस आजही आपला दिवस म्हणून पाळतात.

निवृत्तिवेतनाच्या निर्णयाचे महत्त्व मी कमी लेखीत नाही; परंतु मला अधिक मोलाची वाटते ती तिसऱ्या अर्जदाराची मान्य झालेली जागा. ज्याचे स्वतःचे काही अडलेले नाही तो इतरांच्या अडचणीसाठी न्यायालयाचे दार ठोठावू शकतो, हे तत्त्व त्या काळी नुकते रुजत होते. ज्याला झळ लागली त्यानेच फिर्यादीस यावे, हा आपल्या न्यायपद्धतीचा जुना दंडक. आणि ज्याला सर्वाधिक झळ लागते त्याच्यापाशीच वकिलाची फी, कागद वाचण्याची विद्या आणि तारखांमागून तारखा हजर राहण्याची सवड नसते, हे तिचे जुने दुःख. तिसरा अर्जदार ही पोकळी भरून काढतो. १९९६ च्या जानेवारीत पैशासाठी रक्त विकण्याची पद्धत बंद करण्याचा व रक्तपेढ्यांवर राष्ट्रीय परिषदेची देखरेख बसविण्याचा हुकूम झाला, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजकीय पक्षांनी प्राप्तिकराची विवरणपत्रे भरलीच पाहिजेत असा निर्णय झाला. या दोन्ही प्रकरणांत अर्ज याच संस्थेचा होता.

परंतु या सर्व निकालपत्रांत ज्या एका हुकुमापाशी माझे मन थबकले, आणि ज्यावरून नजर हलविणे मला कठीण गेले, तो १ मे १९९६ चा आहे. विषय होता वर्षानुवर्षे तुंबून राहिलेल्या फौजदारी खटल्यांचा आणि त्या खटल्यांपायी तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचा. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा अपराध अद्याप शाबीत झालेला नाही असा मनुष्य. कायद्याच्या दृष्टीने तो निरपराध असतो, आणि कोठडीच्या दृष्टीने शिक्षा झालेल्यापासून त्याचा फारसा भेद उरत नाही. पुष्कळदा त्याला जामीन मंजूरही झालेला असतो. पण जामीनदार कोठून आणावा? जामीन राहणाऱ्याने तहसिलीतून ऐपतीचा दाखला काढावा, सातबाऱ्याचा उतारा जोडावा, कामाचा दिवस बुडवून न्यायालयात उभे राहावे, इतके करण्यास भूमिहीन मजुराच्या गोतावळ्यात कोण समर्थ असतो? अशा रीतीने गुन्ह्याच्या गुरुत्वापेक्षा गरिबीच्या गुरुत्वावरून माणसाचा तुरुंगवास ठरू लागतो.

त्या दिवशी न्यायालयाने या अन्यायावर जे यंत्र बसविले त्याची रचना पाहण्यासारखी आहे. ज्या अपराधास तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे, ज्याचा खटला एक वर्ष किंवा अधिक काळ पडून आहे आणि ज्यातील आरोपी सहा महिने तुरुंगात आहे, त्यात आरोपीस जामिनावर किंवा जातमुचलक्यावर सोडावे. पाच वर्षांपर्यंतच्या अपराधात खटला दोन वर्षे व तुरुंगवास सहा महिने. सात वर्षांपर्यंतच्या अपराधात खटला दोन वर्षे व तुरुंगवास एक वर्ष. दुसरा भाग याहूनही धीट होता: वाहतुकीचे किरकोळ खटले दोन वर्षांहून जुने असतील तर ते बंदच करावेत, आणि लहान शिक्षेच्या ज्या खटल्यांची सुनावणी ठरावीक मुदतीत सुरूच झाली नाही त्यांतील आरोपींना मुक्त करावे. मात्र आरोपीने स्वतःच चालढकल केली असेल तर त्यास हा लाभ नाही. लाचलुचपत, तस्करी, अमली पदार्थ, अन्नातील भेसळ असे समाजघातक अपराधही वगळलेले.

या रचनेतील प्रत्येक अंकात एक तर्क आहे. शिक्षेचा काळ, खटल्याचा काळ आणि कोठडीचा काळ ही तीन मापे एकमेकांशी बांधून टाकल्यामुळे निर्णय न्यायाधीशाच्या दयेवर, वकिलाच्या वाक्चातुर्यावर वा कारकुनाच्या स्मरणावर अवलंबून राहिला नाही. नोंदवही उघडावी, तारखा मोजाव्यात आणि दार उघडावे, इतके काम सोपे झाले. जातमुचलक्याची तरतूद तर मला सर्वांत मर्मग्राही वाटते, कारण तिने ऐपतीच्या दाखल्याची ती अदृश्य भिंतच बाजूस सारली आणि कैद्याचे स्वतःचे वचन पुरेसे मानले. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यायालयाने पुरवणी स्पष्टीकरण देऊन खटल्याची सुनावणी नेमकी केव्हा सुरू झाली असे समजावे हेही ठरविले: सत्र खटल्यात दोषारोप निश्चित झाल्यावर, समन्स खटल्यात आरोपीस गुन्हा कबूल आहे काय असे विचारल्यावर. तालुक्याच्या न्यायालयातील शिरस्तेदारास शंका राहू नये इतकी ही काळजी होती.

या यंत्राचा खटले बंद करण्याचा भाग सहा वर्षांच्या आतच मोडला, आणि तो मोडण्याची कारणेही क्षुद्र नव्हती. १६ एप्रिल २००२ रोजी सरन्यायाधीश भरुचा यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायमूर्तींच्या पीठाने ‘रामचंद्र राव’ खटल्यात असा निर्णय दिला, की अमुक मुदत उलटली म्हणून खटला संपलाच पाहिजे अशी सरसकट मर्यादा घालणे म्हणजे कायदा करणे होय, आणि कायदा करणे हे संसदेचे काम आहे. शीघ्र न्यायाचा हक्क शाबूत आहे, पण प्रत्येक खटल्यात विलंबाचे कारण तपासूनच त्याचा निर्णय व्हावा. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांच्या प्रकरणात १९९१ साली पाच न्यायमूर्तींनी जी मार्गदर्शक तत्त्वे सांगितली होती त्यांचाच आधार येथे घेतला गेला. घटनेच्या दृष्टीने या निर्णयातील तर्क मला मान्य करावा लागतो. परंतु ‘प्रत्येक खटल्यात तपासून’ या तीन शब्दांत ज्याच्यासाठी तपासायला कोणीच येत नाही अशा आरोपीचे काय होते, हा प्रश्न त्या तर्काच्या बाहेरच राहतो, आणि तो मला अस्वस्थ करतो.

संसदेनेही पुढे पाऊल टाकले हे नमूद केलेच पाहिजे. २००६ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३६-अ अमलात आले. कमाल शिक्षेचा निम्मा काळ कोठडीत काढलेल्या कच्च्या कैद्यास सोडण्याची तरतूद त्यात होती, मात्र देहान्ताच्या शिक्षेस पात्र अपराध वगळलेले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ ने पहिल्याच अपराधाच्या आरोपीसाठी हा काळ एक तृतीयांशावर आणला आणि अर्ज करण्याचे कर्तव्य तुरुंग अधीक्षकावर टाकले. १९९६ च्या हुकुमातील मूळ विचार अशा रीतीने कायद्यात उतरला. पण त्याच कलमाने एकाहून अधिक खटले चालू असलेल्या आरोपीस या लाभातून वगळले आहे, आणि जन्मठेपेस पात्र असलेले अपराधही बाहेर ठेवले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगातील दर चार माणसांपैकी तिघांचा अपराध शाबीत झालेला नव्हता.

हुकूम मिळविणे आणि हुकूम अमलात येणे यांच्यातील हे अंतर या संस्थेच्या सर्व कार्यावर सावलीसारखे पसरलेले आहे. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या १९९६ च्या प्रसिद्ध याचिकेत ती सहअर्जदार होती. पोलीस प्रमुखास किमान दोन वर्षांचा निश्चित काळ, तपासाचे काम आणि बंदोबस्ताचे काम यांची फारकत, बदल्यांसाठी आस्थापना मंडळ, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असे सात निदेश २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने दिले, तोवर दहा वर्षे गेली होती. त्यानंतर अनेक राज्यांनी कायदे केले, पण त्यांतच पळवाटाही ठेवल्या. आपल्या महाराष्ट्रात २०१४ च्या दुरुस्तीने मंडळे आली, प्राधिकरणे आली. परंतु लोकहितार्थ आणि प्रशासकीय निकडीच्या नावाखाली मुदतीपूर्वी बदली करण्याचा अधिकारही त्याच कायद्यात जपून ठेवला गेला. निदेशाचे शब्द पाळून त्याचा आत्मा बाहेर ठेवण्याची ही कला सरकारदरबारी फार जुनी आहे.

सन्मानाने मरण येऊ द्यावे यासाठीचा अर्जही असाच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने आपल्याकडे हा विषय घरोघर पोहोचला. पण ‘कॉमन कॉज’ने आपला अर्ज त्याआधीच, २००५ मध्ये, केला होता आणि त्याचा निकाल ९ मार्च २०१८ रोजी लागला. वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा हक्क मिळाला, परंतु त्यासाठी दंडाधिकाऱ्याच्या सहीपासून वैद्यकीय मंडळांपर्यंत इतकी बंधने होती, की २०२३ च्या जानेवारीत न्यायालयालाच ती शिथिल करावी लागली. आणि ही इच्छापत्रे स्थानिक संस्थांनी जपून ठेवावीत, यासाठी मुंबईतील एका डॉक्टरांना पुन्हा उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

अलीकडच्या वर्षांत संस्थेने आपल्या पद्धतीत एक भर घातली आहे, ती मला दूरदर्शीपणाची वाटते. लोकनीती या अभ्यासगटाबरोबर ती २०१८ पासून देशातील पोलीस व्यवस्थेच्या स्थितीचे अहवाल काढते, त्यांत पोलिसांच्या स्वतःच्या कामाच्या परिस्थितीचीही विचारपूस असते. आणि राज्यांच्या न्यायक्षमतेची तुलना करणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’ या उपक्रमात ती सहभागी आहे. त्याच्या २०१९ व २०२० च्या क्रमवारीत मोठ्या राज्यांत महाराष्ट्र पहिला होता, आणि २०२२ पासून ते स्थान कर्नाटकाकडे गेले. न्यायालयाचा हुकूम अमलात येत नसेल तर निदान तो कोठे व किती अमलात येत नाही याचे मोजमाप लोकांसमोर असावे, हा या कामाचा हेतू आहे. कारण मोजले न गेलेले अपयश कोणाचेच अपयश ठरत नाही.

तरीही दिल्लीत बसलेल्या एका संस्थेने साऱ्या देशातील तालुक्यांची न्यायालये आणि जिल्ह्यांचे तुरुंग यांवर नजर ठेवावी, ही अपेक्षा अवाजवी आहे, आणि माझ्या मते तिच्या मर्यादेत आपलीच जबाबदारी दडलेली आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती आहे. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, तुरुंग अधीक्षक आणि विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव तिचे सदस्य असतात. ती किती वेळा भरली, तिने किती नावांची शिफारस केली, आणि त्यांपैकी किती माणसे खरोखर सुटली, हे विचारण्यास वकिलीची सनद लागत नाही. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करण्याची चिकाटी पुरते. ज्या वाचकाला हा लेख आवडला असेल त्याने या संस्थेची स्तुती करून थांबू नये. आपल्या जिल्ह्यापुरते अर्जदार क्रमांक तीन व्हावे.