अर्धा ग्रॅमही नाही

अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या नेमबाजांना दोन गोळ्या चांगल्या परिचयाच्या असतात. दोन्ही सिएरा कंपनीच्या मॅचकिंग जातीच्या, दोन्हींचा व्यास 0.308 इंच. एकीचं वजन 168 ग्रेन, दुसरीचं 175. ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम, म्हणजे दोघींमधला फरक अर्धा ग्रॅमही भरत नाही. तीनशे मीटरवर दोन्ही सुरेख बसतात. हजार यार्डांच्या सुमारास मात्र 168 ची गोळी डगमगायला लागते आणि 175 ची आपली सरळ जात राहते.

हा फरक त्या अर्ध्या ग्रॅमने पाडलेला नाही, तो शेपटीत आहे. मागची हवा कमी ओढावी म्हणून दोन्ही गोळ्या शेवटाकडे निमुळत्या केलेल्या असतात. 168 चा उतार 13 अंशांचा आहे, 175 चा 9 अंशांचा. वेग ओसरत ओसरत आवाजाच्या वेगाजवळ आला की गोळीवरच्या हवेच्या दाबाची सगळी मांडणीच हलते. अशा वेळी तीव्र उताराच्या शेपटीला सुरू झालेलं डगमगणं आवरत नाही. 168 ची गोळी मुळात तीनशे मीटरच्या स्पर्धांसाठी घडवलेली, तिथे हा क्षण येतच नाही. चार अंशांचा हा फरक कागदावर काढून बघा, डोळ्यांना जेमतेम जाणवतो.

या गोळ्या नुसत्या विकत मिळतात, कारण तिकडे काडतुसं घरी भरणारे हौशी पुष्कळ आहेत. वापरलेली पितळी केस साफ करायची, नवा प्रायमर बसवायचा, पावडर तोलून घालायची आणि प्रेसखाली गोळी बसवायची. या मंडळींचा एक दंडक आहे: गोळी बदलली, अगदी त्याच वजनाची दुसऱ्या घडणीची आणली, तरी पावडरचं जुनं माप चालवायचं नाही. छापील तक्त्यातल्या सर्वांत कमी मापापासून पुन्हा सुरुवात करायची.

वजन तेच, पावडर तीच, मग एवढा सोपस्कार कशाला? मला या साऱ्या विषयातलं सर्वांत विलक्षण उत्तर इथे सापडतं. गोळी म्हणजे पावडरने ढकलायचं ओझं, असं आपण धरून चालतो. खरं तर पावडर पेटते त्या बंद कोठडीची पुढची भिंतच गोळी असते. धूरविरहित पावडरचा गुण असा, की दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते आणि वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. भिंत किती सहज सरकते, यावर आगीचा वेग ठरतो. नळीच्या आतल्या उंचवट्यांमधलं अंतर गोळीच्या व्यासापेक्षा थोडं कमीच असतं, त्यामुळे गोळीला स्वतःच्या अंगावर चर पाडून घेतच पुढे घुसावं लागतं. कवच कठीण असेल, नळीला घासणारा भाग लांब असेल, किंवा गोळी केसमध्ये खोल बसून आतली जागा खात असेल, तर दाब चढतो. .308 विंचेस्टर काडतुसाची मर्यादा आहे चौरस इंचाला 62,000 पौंड, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त. आणि हा सगळा खेळ एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपतो. तेवढ्यात नळीही थरथरत असते. गोळी बदलली की बाहेर पडण्याचा क्षण बदलतो, त्या क्षणी नळीचं तोंड वेगळीकडे वळलेलं असतं आणि कालपर्यंत एका नाण्याखाली झाकली जाणारी भोकं आज विखुरतात.

आपल्याकडचे ऑलिंपिक नेमबाज मात्र काडतुसं घरी भरण्याच्या वाटेला जाऊ शकत नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवलं, त्या 50 मीटर रायफलमध्ये .22 रिमफायर काडतूस असतं. त्याची पेटवणारी भुकटी केसच्या कडेतच भरलेली असते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्यासारखं नसतं. म्हणून या खेळातले नेमबाज कारखान्यातल्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या नळीतून झाडून बघतात आणि जमणारा लॉट घेतात.

कॅलिफोर्नियात गोळी बदलण्याची वेळ एका गिधाडामुळे आली. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या अवशेषांतले शिशाचे कण पोटात जाऊन कॉन्डर नावाची ही गिधाडं मरत होती. 1982 साली हे पक्षी जगात अवघे 22 उरले होते. 1 जुलै 2019 पासून तिथे शिकारीसाठी शिसं पूर्ण बंद झालं आणि तांब्याच्या गोळ्या आल्या. मला हा बदल मनापासून पटतो. पण तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून त्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांबी वाढली की नळीतल्या उंचवट्यांच्या पिळाने मिळणाऱ्या फिरकीचं गणित हलतं. वुलविचला तोफखान्याच्या अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 मध्ये नळीच्या पिळाचं एक सुटसुटीत सूत्र मांडलं. त्यात गोळीची लांबी आहे, व्यास आहे, वजन नाहीच! लांब गोळीला जास्त फिरकी लागते. दहा इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला 2,800 फूट वेगाने सुटलेली गोळी मिनिटाला दोन लाख फेरे घेते, तरी एखाद्या फार लांब गोळीला तेवढेही अपुरे पडतात. मग ती भोवऱ्यासारखी कलंडते आणि लक्ष्याच्या कागदावर गोल भोकाऐवजी लांबट फाट दिसते.

गोळी बदलली की बाकीचंही बदलतं, हा धडा अमेरिकी लष्कराने तर दोन्ही बाजूंनी गिरवला. त्यांच्या 1903 च्या काडतुसात बोथट नाकाची, 220 ग्रेनची गोळी होती. जर्मनीने 1905 मध्ये हलकी, टोकदार गोळी आणली, आणि लगोलग 1906 मध्ये अमेरिकेनेही 150 ग्रेनची टोकदार गोळी घेतली. तेच प्रसिद्ध .30-06. पहिल्या महायुद्धात मशीनगनच्या दूरच्या माऱ्यात ती अपेक्षेपेक्षा फार अलीकडे पडते, हे लक्षात आलं. म्हणून 1920 च्या दशकात निमुळत्या शेपटीची, 174 ग्रेनची गोळी आली. जुनीची मजल जेमतेम तीन किलोमीटर, नवीची सुमारे पाच. पुढे सरावाला ती वापरात आली तेव्हा कळलं, की बऱ्याच मैदानांच्या मागे मोकळी सोडलेली जमीन तिला पुरत नाही. 1938 मध्ये लष्कराने पुन्हा सपाट बुडाची, 152 ग्रेनची गोळी घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या रायफलींतून तीही चालली.