छातीतली गाठ हृदयाला टेकली, म्हणजे हृदयात शिरली का?

फुप्फुसाच्या कॅन्सरचा सीटी रिपोर्ट हातात पडतो, त्यात गाठ हृदयाला लागून असल्याचं लिहिलेलं असतं आणि घरातल्यांचे हातपाय गळतात. कॅन्सर हृदयात गेला, आता उपाय संपले, असं परस्पर ठरवून टाकलं जातं. मला वाटतं, या आजारातला सर्वांत क्लेशदायक गैरसमज हाच.

हृदयाभोवती हृदयावरणाची पिशवी असते आणि तिच्या आसपास चरबीचा पातळ थर. सीटीवर ही चरबी काळसर रेघेसारखी दिसते. ती रेघ अखंड असेल, तर गाठ बहुधा बाहेरच आहे. रेघ पुसट झाली, तरी शिरकाव सिद्ध होत नाही. धडधडत्या हृदयाचं चित्र मुळात थोडं हलतंच. म्हणून ईसीजीच्या ठोक्याशी जुळवून स्कॅन करतात किंवा हृदयाचा एमआरआय करतात. एमआरआयमध्ये हृदयाची हालचाल चित्रफितीसारखी पाहता येते. श्वासाबरोबर गाठ वरखाली सरकते आणि हृदय तिच्याशेजारी मोकळेपणी आकुंचन पावतं, असं दिसलं तर दोघांमधली फट शाबूत असण्याची शक्यता बरीच. दोन्ही एकत्रच ओढले जात असतील, तर शंका बळावते. कधीकधी अखेरचं उत्तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच मिळतं.

या फरकावर उपचार ठरतात. फुप्फुसाची गाठ हृदयावरणाच्या बाहेरच्या पदरात शिरली असेल तर ती टी-३ टप्प्याची धरतात, प्रत्यक्ष हृदयात शिरली तर टी-४. टी-४ म्हणजे शस्त्रक्रिया अशक्यच, हेही खरं नाही. निवडक रुग्णांत डाव्या कर्णिकेचा बाधित भाग गाठीसह काढला जातो.

‘हृदयाला कॅन्सर होतच नाही’ हे दुसरं टोक. हृदयातच सुरू होणारा कॅन्सर फार दुर्मीळ, पण दुसरीकडून हृदयापर्यंत पसरलेला त्याच्या कितीतरी पट अधिक आढळतो. फुप्फुस, स्तन, अन्ननलिका आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर थेट चिकटून, लसिकावाहिन्यांतून किंवा रक्तातून तिथे पोहोचतात. फुप्फुसाची गाठ फुप्फुसशिरेच्या पोकळीतून वाढत डाव्या कर्णिकेतही उतरू शकते.

‘टूडी इको नॉर्मल आहे, म्हणजे काळजी नाही’ हाही गैरसमजच. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ही पहिली आणि उत्तम तपासणी. हृदयाभोवतीचं पाणी आणि कप्प्यातली गाठ ती खाटेशेजारी दाखवते. पण ध्वनिलहरींना फुप्फुसातली हवा आणि बरगड्या अडवतात, त्यामुळे बाहेरून चिकटलेली गाठ निसटू शकते.

कप्प्यात काही दिसलं तर ते कॅन्सरच, असंही नाही. कॅन्सरच्या रुग्णांत रक्ताच्या गुठळ्या सहज होतात. एमआरआयमध्ये शिरेतून औषध दिल्यावर गुठळी काळीच राहते, कारण तिच्यात रक्तपुरवठा नसतो. गाठ बहुतेक वेळा ते औषध शोषून उजळते. एकीला रक्त पातळ करणारी गोळी लागते, दुसरीला कॅन्सरचे उपचार. हृदयाभोवतीच्या पाण्याचंही तसंच. आपल्याकडे त्यामागे क्षयरोग असू शकतो, रेडिएशनचा परिणामही असू शकतो. पाणी काढून तपासल्याशिवाय निदान पक्कं मानू नये. एका नमुन्यात कॅन्सरपेशी मिळाल्या नाहीत, तरी कॅन्सर नाहीच असंही म्हणता येत नाही.

पेट स्कॅनबद्दल मात्र रुग्णाच्या हातात काही आहे. हृदयाचा निरोगी स्नायूही गाठीसारखाच साखर खातो आणि स्कॅनवर चमकतो, त्यामुळे प्रत्येक चमक गाठीची नसते. हृदयाकडेच पाहायचं असेल, तर आदल्या दिवशी भात, पोळी, फळं वगळून आहार घ्यायला आणि नंतर उपाशी राहायला सांगतात. सकाळी ‘थोडेसेच’ पोहे किंवा साखरेचा चहा घेतला तरी चित्र बिघडतं. खाल्लं असेल तर लपवू नका. मधुमेहाची औषधं मात्र मनाने बंद करू नका, आधी विचारा.

जुन्या स्कॅनच्या सीडी फेकू नका, प्रत्येक वेळी बरोबर न्या. आधीचं चित्र समोर असेल तर रेडिओलॉजिस्टचं मत अधिक ठाम होतं. आणि कॅन्सरच्या रुग्णाला आडवं झाल्यावर दम लागत असेल, चेहरा-मान सुजत असेल किंवा भोवळ येत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. हृदयाभोवती पाणी झपाट्याने साचलं, तर थोडंही जीवघेणं ठरतं, आणि वेळेत काढलं तर रुग्णाला लगेच आराम पडतो.