काचेच्या पेटीतली कोंबडी

आपट्याहून पनवेलच्या बाजारात गेलो की माझे पाय ठरावीक जागी अडखळतात. काचेची पेटी, पिवळा दिवा आणि सळईवर गोल फिरणारी अख्खी कोंबडी. आमच्या घरात तिच्यावरून दोन तट आहेत. सासूबाई म्हणतात, "रंगच जास्त, आत मसाला कुठाय?" मुलांना फक्त तंगडी हवी. दोघांचंही खरं आहे. छातीचा भाग पातळ मांसाचा, चरबी कमी. तंगडी शिजेपर्यंत तो कोरडा पडतो. फिरत्या सळईचा फायदा असा, की सुटणारी चरबी खाली गळण्याआधी अंगभर फिरते आणि कातडी खरपूस होते.

अमेरिकेत कॉस्टको नावाची दुकानसाखळी अशी कोंबडी 2009 पासून 4.99 डॉलरला विकते. तिथली मराठी मंडळी ती घरी आणून चक्क रश्श्यात सोडतात. मला पटतं!

घेताना एवढंच बघा: कोंबडी हाताला चांगली गरम लागली पाहिजे. मांडीच्या सांध्याशी मांस गुलाबी, चिकट दिसलं तर परत द्या. उरलेली दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये.

पण खरं सांगू? थंडीत वालाच्या शेंगा आल्या की मी त्या पेटीकडे बघतही नाही. भांबुर्डीच्या पाल्यात, उलट्या मडक्यात, ओव्यामिठाच्या शेंगांबरोबर वाफेवर शिजलेलं पोपटीतलं चिकन कोरडं पडतच नाही. तुमच्याकडे पोपटी कधी लावताय?