परदेशी शिक्षणाचा नाकारलेला व्हिसा आणि कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. परंतु ही पायरी कधी कधी समुद्रापलीकडे, कॅनडासारख्या परक्या मुलखात असते, आणि ती चढावी की नाही हा प्रश्न आपल्याच घरातील मुलापुढे येऊन ठाकतो. मुलाला तेथील महाविद्यालयात प्रवेश मिळालेला असतो. बापाने शेतावर कर्ज काढलेले असते, आईने बांगड्या गहाण टाकलेल्या असतात. आणि एके दिवशी उत्तर येते की अर्ज नामंजूर! कारण काय, तर शिक्षण संपल्यावर विद्यार्थी मायदेशी परतेल अशी अधिकाऱ्याची खात्री पटली नाही. त्या रात्री त्या घरात कोणाच्या घशाखाली घास उतरत नाही, हे आम्ही सांगावयास नको.

अशा कुटुंबांना पुढील गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे. या नकारावर अपील नाही. परंतु कॅनडाच्या फेडरल कोर्टाकडे निर्णयाची फेरतपासणी मागता येते. प्रकरण कॅनडाबाहेरील असल्यास नकार कळल्यापासून 60 दिवसांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. त्याची फी 50 डॉलर; वकिलाचा खर्च मात्र त्याहून पुष्कळ अधिक. न्यायाधीशाने परवानगी दिली तरच प्रकरण पुढे चालते. साध्या प्रकरणांत, उभय पक्षांची संमती असल्यास, परवानगी व निकाल एकदमच, तोंडी सुनावणीवाचून देण्याची पद्धत कोर्टाने 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रयोगादाखल सुरू केली.

न्यायाधीश पाहतात काय? मुलगा हुशार आहे की नाही, हे ते पाहत नाहीत. अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता काय, एवढेच पाहतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2019 मध्ये वाव्हिलोव्ह खटल्यात ही कसोटी स्पष्ट केली. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतची वाट कारणांतून दिसली पाहिजे, आणि निर्णयाचा परिणाम ज्याच्यावर होतो त्याला तो समजला पाहिजे. अर्जदार तरुण व अविवाहित आहे, एवढ्यावरून तो परतणार नाही असे ठरविणे योग्य नव्हे, असे फेडरल कोर्टाने अनेक निकालांत म्हटले आहे. कारण बहुतेक विद्यार्थी तसेच असतात. मात्र अधिकाऱ्याने दोनच ओळी लिहिल्या, म्हणून निर्णय आपोआप रद्द होत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. खटला जिंकला तरी कोर्ट व्हिसा देत नाही. प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्या विचारासाठी परत जाते, आणि तोही सबळ कारणे देऊन पुन्हा नकार देऊ शकतो. शिवाय मूळ अर्जात नसलेले कागद कोर्टापुढे सहसा मांडता येत नाहीत. म्हणून खटल्याचा खरा पाया अर्ज भरण्याच्या दिवशीच घातला जातो. हाच अभ्यासक्रम का, पैसा कोठून आला, घरी परतण्याची ओढ कोणती, हे त्यात पुराव्यानिशी लिहिलेले असावे. 1 सप्टेंबर 2025 पासून क्वेबेक प्रांताबाहेर शिकणाऱ्या एकट्या विद्यार्थ्यास शिक्षणशुल्क व प्रवासखर्चाखेरीज वर्षाच्या राहणीसाठी 22,895 डॉलर दाखवावे लागतात. आपल्याच कागदांत उणीव राहिली असेल, तर कोर्टापेक्षा ती भरून काढून नवा अर्ज करणे बहुधा स्वस्त पडते.

आणि दलालाच्या सांगण्यावरून खोटा कागद मात्र कधीही जोडू नये. तसे सिद्ध झाल्यास पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते, आणि दोष दलालाचा असला तरी शिक्षा मुलाच्या माथी येते.

परक्या देशात प्रवेश मिळणे हा कोणाचा हक्क नव्हे. परंतु नाही म्हणणाऱ्याने अर्ज नीट वाचून ते म्हणावे, एवढे मागण्याचा अधिकार आपल्या खेड्यातील मुलालाही आहे. तेव्हा नकाराचे पत्र संतापाच्या भरात फाडू नका. त्यावरील तारीख टिपून ठेवा, अर्जाची संपूर्ण प्रत जपून ठेवा, आणि जाणत्या वकिलाचा सल्ला 60 दिवस सरण्यापूर्वीच घ्या.